जीप गाडीचे लवलेले मागील पाटे : त्यांची परीक्षा व बदल

बैलगाडीचा आंख मोडला तर तें लहान पोरासही कळतें. परंतु मोटारीचा पाटा लवला तर तें घरच्या कर्त्या माणसासही पुष्कळ दिवस कळत नाहीं. आंख एकदम मोडतो. पाटा मात्र दररोज केसभर खालीं बसत जातो. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांस न दिसणारें असें जें नुकसान, तेंच शेवटीं महाग पडतें, हा अनुभव शेतकऱ्यास नवा नाहीं. बांधास पडलेलें लहानसें भगदाड आणि कणगींत शिरलेला सोंडा यांची रीतही हीच आहे. आपल्या भागांत पुष्कळ बागाईतदार व मोठे कास्तकार यांच्या घरीं आतां जुन्या जीप गाड्या आहेत. त्यांच्या मागील पाट्यांसंबंधीं जें प्रस्तुत लेखकास कांहीं विचारून, कांहीं वाचून व कांहीं नुकसान सोसून कळलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा येथें उद्देश आहे.

लेखक मिस्त्री नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून तो निवृत्त झाला व आतां मेडशी येथें घरची शेती पाहतो. तेव्हां पुढील मजकूर एका कास्तकारानें दुसऱ्या कास्तकारास सांगितलेल्या गोष्टींप्रमाणें वाचावा, ही विनंती.

जीप आपल्याकडे कशी आली

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्याकरितां विलीज व फोर्ड या कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीप गाड्या तयार केल्या. वाट नसेल तेथें जावें, चारही चाकांनीं जोर लावावा आणि बिघडल्यास साध्या हत्यारांनीं दुरुस्त व्हावी, एवढाच त्या गाडीचा गुण. पण शेतीच्या कामास तोच गुण हवा असतो. आपल्या देशांत १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद या नांवाची पेढी निघाली. तिनें १९४७ सालीं विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईस जोडणीचें काम हातीं घेतलें आणि १९४८ सालीं तिचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. पुढें कित्येक दशकें तहसील, जंगल, पोलीस व पाटबंधारे या खात्यांत जीप म्हणजेच सरकार, असें समीकरण खेड्यांतील लोकांच्या मनांत बसलें होतें. अतिवृष्टीच्या पंचनाम्यास आम्हीं कारकून मंडळी याच गाडीच्या मागील बांकावर बसून जात असूं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, त्यापूर्वीं मेडशी व मालेगांवकडील माणसास जिल्ह्याच्या कामासाठीं पातूरच्या डोंगरांतून अकोल्यास जावें लागे. त्या वळणावळणाच्या रस्त्यावर जीपच्या पाट्यांचें बरेंवाईट बसणाऱ्याच्या कमरेस बिनचूक कळे.

पाटा म्हणजे काय

साध्या बैलगाडीस कमान नसते. खांचेचा धक्का थेट माणसास व मालास बसतो. पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर गाडी टांगण्याची युक्ति घोडागाडीवाल्यांची. इंग्लंडांत ओबादाया इलियट यानें १८०४ सालीं अशा कमानींचा पेटंट हक्क घेतला आणि पुढें तीच युक्ति मोटारीनें उचलली.

जीपच्या प्रत्येक चाकाजवळ अशा पट्ट्यांची एक चवड असते. सर्वांत लांब पट्टा तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोंकांस वळवून डोळे केलेले असतात. त्याखालीं उतरत्या लांबीचे दुसरे पाटे. सर्वांच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो, आणि ती चवड दोन यू बोल्टांनीं एक्सलास आवळलेली असते. मागील पाट्याचा पुढचा डोळा बहुधा चासीस कायम बसविलेला असून मागचा डोळा शॅकल नांवाच्या हलत्या कडीस जोडलेला असतो. कारण उघड आहे. ओझें पडलें कीं कमान सपाट होते, सपाट झाली कीं लांबते, आणि त्या लांबण्यास वाव लागतो. शॅकल गंजून जाम झाली कीं तो वाव नाहींसा होतो व पाटा चांगला असूनही गाडी दगडासारखी आदळते.

पाटे कां लवतात

जेवढें ओझें तेवढा ताण, आणि ओझें काढलें कीं पूर्ववत् स्थिति, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु या नियमास मर्यादा आहे. मर्यादेबाहेर वांकविलेलें पोलाद पूर्णपणें परत येत नाहीं, थोडा वांक कायम धरून बसतें. पाटा लवण्याचें मुख्य कारण हेंच. एकदां प्रमाणाबाहेर भार घालून खड्ड्यांत गाडी आदळली कीं एक सूत गेलें. असें पन्नास वेळां झालें कीं कमान उतरली. गाडी वर्षभर भरलेल्या स्थितींत उभी ठेवल्यानेंही पाटे हळूहळू बसतात. याखेरीज पाट्यांच्या मध्यें गंज चढणें, डोळ्यांतील बुश झिजणें, सेंटर बोल्ट तुटणें व एखादा आंतील पाटा चिरणें, हीं कारणें निराळीं. त्यांचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून परीक्षेवांचून नवे पाटे आणूं नयेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लवलेल्या पाट्याचा कणखरपणा फारसा कमी झालेला नसतो. त्याची उंची कमी झालेली असते. एक क्विंटल ओझ्यानें नवा पाटा जेवढा दबतो, जवळजवळ तेवढाच जुनाही दबतो. फरक इतकाच कीं, जुन्याची सुरुवातच खालून होते व तो लवकर रबरी ठोकळ्यावर टेकतो. ही गोष्ट न समजल्यामुळें लोक जाड पाटा घालण्याच्या मागें लागतात. लेखकही लागला होता.

लवलेल्या पाट्यांपासून होणारे अपाय केवळ अंग दुखण्यापुरते नाहींत. मागील बाजू बसली कीं पुढील दिव्यांचा झोत वर जातो, आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचे डोळे दिपतात. पुढील चाकांवरील भार हलका होऊन सुकाणूची पकड सैल लागते. शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलून तो लवकर झिजतो. एका अंगास अधिक लवली असेल तर ब्रेक दाबतांना गाडी ओढते.

घरच्या घरीं परीक्षा

गाडी रिकामी करून सपाट जागीं उभी करावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरील मडगार्डाच्या कडेपर्यंत उभें माप घ्यावें व कागदावर चारही मापें लिहून ठेवावीं. चाकाच्या मध्यापासून माप घेतल्यानें टायरमधील हवा कमी-अधिक असली तरी या आंकड्यांत मोठा फरक पडत नाहीं. मग मागील एक्सल व चासीखालील रबरी ठोकळा यांमधील अंतर पाहावें. गाडी रिकामी असतां तेथें बोट-दोन बोटेंच जागा उरली असेल, तर पाटे गेले असें समजावें. लेखकाच्या गाडीस तेथें जेमतेम बोटभर जागा होती, व उजवें अंग डाव्यापेक्षां पाऊण इंच खालीं होतें. चालक नेहमीं उजव्या अंगास बसतो, तेव्हां त्यांत नवल नव्हतें.

दुसरी परीक्षा चिरेची. तारेच्या ब्रशानें पाटे घासून स्वच्छ करावे, आणि प्रत्येक पाट्याची कड, विशेषतः सेंटर बोल्टाजवळची व खालच्या पाट्याचें टोंक टेकतें तेथली, उजेडांत नीट पाहावी. केसासारखी रेघ दिसली व तिच्यांतून तांबूस गंज बाहेर येत असला, तर तो पाटा त्याच दिवशीं गाडीबाहेर काढावा.

तीन उपाय व त्यांचें तारतम्य

पहिला उपाय जुन्या पाट्यांस पुन्हां कमान देण्याचा. विळ्यास किंवा वखराच्या पाशीस लोहार जसें पाणी देतो, तसेंच पाट्याच्या पोलादासही पाणी दिलेलें असतें. आपल्याकडे पाट्यांसाठीं बहुधा सिलिकन व मँगेनीज मिसळलेलें पोलाद वापरतात. तें सुमारें ८५० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलांत थंड करतात, आणि मग सुमारें ४५० अंशांवर पुन्हां तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. ज्या कारखान्यांत ही सर्व सोय आहे, तेथें दिलेली कमान टिकते. परंतु भात्यावर लाल करून ऐरणीवर वांकविलेला व अदमासानें पाण्यांत बुडविलेला पाटा एक तर मऊ राहतो, नाहीं तर कांचेसारखा तुटतो. नुसता घणानें ठोकून वांकविलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हां बसतो. गॅसच्या ज्योतीनें तापविणें व तुटलेला पाटा वेल्डिंग करणें हे दोन्ही प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे.

दुसरा उपाय एखादा जाड पाटा वाढविण्याचा. हा स्वस्त व झटपट म्हणून लोकप्रिय आहे. पण त्याचें गणित पाहावें. पाट्याचा कणखरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. ६ मिलिमीटरच्या पाट्याशीं तुलना केली, तर तेवढ्याच लांबी-रुंदीचा ८ मिलिमीटरचा एकटा पाटा सुमारें २.३७ पट कणखर असतो. ६ मिलिमीटरच्या आठ पाट्यांच्या चवडींत असा एक घातला, तर तिचा कणखरपणा ढोबळ मानानें शेंकडा ३० नीं वाढतो. उंची थोडी मिळते खरी; पण गाडी रिकामी असतांना उडते, आणि पाट्यांतील ताणाची वांटणी बिघडते. उतरत्या लांबीच्या पाट्यांची रचना अशी असते कीं वांक सर्व लांबींत सारखा पसरावा. मध्येंच एक जाड पाटा आला म्हणजे तो स्वतः वांकत नाहीं. त्याचें टोंक जेथें संपतें तेथें वरचा पाटा एकट्यानें मोडीस येतो.

तिसरा उपाय दोन्ही बाजूंचे पाटे नवे घालण्याचा. यास पैसा लागतो, परंतु निश्चिंतता यांतच आहे. एकाच बाजूचा पाटा बदलूं नये. जुना व नवा यांची उंची जमत नाहीं व गाडी कायमची कलते.

लेखकाची चूक

लेखकानें दुसरा उपाय केला. एका गॅरेजांत मालमोटारीचा जुना जाड पाटा तोडून बसविला. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनें तेव्हां सांगितलें होतें, "भाऊसाहेब, हा पाटा गाडी उचलीन, पण वरच्याले खाऊन टाकीन." काटकसरीच्या भरांत तें बोलणें मनावर घेतलें नाहीं. गाडी दोन इंच उचलली गेली, आणि उचलली म्हणून लेखक पूर्वींपेक्षां अधिक भार घालूं लागला.

त्याच वर्षीं हरभऱ्याच्या पेरणीपूर्वीं अकोल्याहून ५० किलोचीं १२ पोतीं खत, म्हणजे ६ क्विंटल वजन, घेऊन आम्हीं मेडशीस परत येत होतों. पुढें लेखक व त्याची पत्नी, मागें पोत्यांवर आमचा सालदार. पातूर मागें टाकून डोंगराच्या वळणावर येतांना उजव्या अंगास बार उडावा तसा आवाज झाला. मुख्य पाटा तुटून एक्सल त्या बाजूस मागें सरकला, चाक मडगार्डास घासूं लागलें, आणि गाडी आपोआप कडेस ओढली जाऊन मातीच्या ढिगाऱ्यावर थांबली. ढिगाऱ्याऐवजीं उतार असता तर हा लेख लिहिण्यास लेखक राहिला नसता. पोत्यांबरोबर सालदार खालीं पडला व त्याच्या उजव्या हाताचें हाड मोडलें. तो म्हणाला, "मालक, मले काय नाय झालं, बाईले पाहा." पण हात मनगटाजवळ लोंबत होता.

दुसऱ्या दिवशीं तुटलेला पाटा पाहिला. जाड पाट्याचें टोंक जेथें संपत होतें, नेमका तेथेंच तो तुटला होता. तुटीचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला व अर्धा नव्या पोलादासारखा चकाकत होता. म्हणजे चीर कित्येक दिवसांपासून तेथें होती, व आम्हीं तिच्यावर बसून रोज ये-जा करीत होतों. तारेचा ब्रश एकदां फिरविला असता तर ती दिसली असती.

लेखकाचा जन्म हिशेब लिहिण्यांत गेला, म्हणून त्यानें याचाही हिशेब मांडून पाहिला. एका बाजूस नव्या पाट्यांची वांचविलेली किंमत. दुसऱ्या बाजूस दवाखान्याचा खर्च, हात प्लास्टरांत असतांनाची सालदाराची बसून दिलेली मजुरी, पेरणीस लावलेला दुसरा माणूस, गाडी ओढून आणण्याचें भाडें, आणि शेवटीं तेच नवे पाटे. दुसरी बाजू कितीतरी पट मोठी भरली. सालदाराचा हात आतां जोडला आहे. पण थंडींत तो दुखतो, आणि तें कलम कोणत्या रकान्यांत लिहावें हें लेखकास अजून ठरवितां आलें नाहीं.

पाटे बदलण्याची रीत

काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं करावें. परंतु मालकानें शेजारीं उभें राहून पुढील क्रम पाळला जातो कीं नाहीं हें पाहावें.

१. दोन दिवस आधीं सर्व नटबोल्टांवर तेल सोडून ठेवावें, म्हणजे गंजलेले आटे सुटतात. जुन्या जीपच्या कांहीं शॅकलांस डावे आटे असतात. उलटा जोर लावण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें.

२. नवा पाटा आणल्यावर जुन्याशेजारीं ठेवून डोळ्यांमधील लांबी, रुंदी, डोळ्याचा व्यास, आणि पुढील डोळ्यापासून सेंटर बोल्टापर्यंतचें अंतर मोजावें. सेंटर बोल्ट नेहमीं बरोबर मध्यावर असतोच असें नाहीं. पाटा उलटा बसल्यास एक्सल पुढें-मागें होतो. कांहीं गाड्यांत डाव्या-उजव्या पाट्यांत भेद असतो, तोही विचारून घ्यावा.

३. सपाट व टणक जागीं गाडी उभी करून पुढील चाकांस दोन्ही अंगांनीं ठोकळे लावावे. मागील चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल करावे.

४. गाडी मागून उचलून चासीखालीं लोखंडी घोडे द्यावे. केवळ जॅकच्या भरंवशावर, किंवा विटा व दगड रचून, गाडीखालीं कोणासही शिरूं देऊं नये. दुसरा जॅक एक्सलाखालीं असा लावावा कीं एक्सल लोंबूं नये व दबूंही नये.

५. एका वेळीं एकाच बाजूचें काम करावें. दुसरी बाजू बांधलेली असली कीं एक्सल जागचा हलत नाहीं. चाक काढून शॉक अॅबसॉर्बरचें खालचें टोंक सोडावें, आणि ब्रेकच्या रबरी नळीस ताण बसत नाहीं ना हें पाहावें.

६. यू बोल्ट सोडावे, जॅकनें एक्सल व पाटा यांमधील दाब काढावा, मग शॅकल व शेवटीं पुढील डोळ्याचा बोल्ट काढावा. चवड सुटी करावयाची असल्यास ती शिकंज्यांत धरूनच सेंटर बोल्ट हळूहळू सैल करावा. मोकळ्या हातानें सोडल्यास दाबलेले पाटे उसळून इजा करतात.

७. नवा पाटा बसवितांना बुश व यू बोल्ट नवेच घ्यावे. एकदां आवळून ताणलेला यू बोल्ट पुन्हां तेवढा धरत नाहीं. आधीं पुढचा डोळा, मग शॅकल, असें सैलसर जोडून एक्सल जुळवावा. सेंटर बोल्टाचें डोकें एक्सलाच्या बैठकींतील भोंकांत नीट बसलें पाहिजे. तें न बसतां यू बोल्ट आवळले, तर एक्सल वांकडा राहतो व टायर झिजतात.

८. यू बोल्टांचे चारही नट एकाआड एक, तिरकस क्रमानें, थोडे थोडे आवळावे.

९. रबरी बुश असल्यास डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पाट्यांवर आल्यानंतरच पक्के करावे. अधांतरीं पक्के केल्यास रबर पिळलेलें राहतें व लवकर फाटतें.

पुढील निगा

पहिल्या १०० किलोमीटरनंतर व पुन्हां ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट तपासून आवळावे. पूर्वींच्याच रीतीनें चारही मापें घेऊन जुन्या कागदावर लिहून ठेवावीं, व दरवर्षीं मृगापूर्वीं व सुगीपूर्वीं तीं ताडून पाहावीं. दिव्यांचा झोत पुन्हां लावून घ्यावा. पावसाळ्यांत पांदणींतून गेल्यावर काळी माती पाट्यांत वाळूं न देतां धुवून काढावी. तीच ओल धरून गंज चढविते. ग्रीसची निपल जेथें असेल तेथें वेळेवर ग्रीस द्यावें.

कायद्याचेंही स्मरण ठेवावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढें तपासणी होऊनच तिचें नूतनीकरण मिळतें. ठरलेल्या वजनाहून अधिक भार घालणें व नोंदणींत लिहिलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करणें या दोन्ही गोष्टींस तो कायदा प्रतिबंध करतो. तथापि दंडाच्या भयापेक्षां पोत्यांवर बसलेल्या माणसाचें स्मरण अधिक उपयोगी पडेल. किंबहुना पोत्यांवर माणूस बसवूंच नये.

जुने पाटे लेखकानें भंगारांत दिले नाहींत. न चिरलेल्यांपैकीं दोन गांवच्या लोहारास दिले. त्यानें तोडून, तापवून व नीट पाणी देऊन त्यांचे चार विळे आणि एक कुऱ्हाड केली. ओझें वाहण्यास निकामी झालेलें पोलाद सोयाबीन सोंगण्यास उत्तम निघालें. त्यांतला सर्वांत हलका विळा आमच्या सालदारानें डाव्या हातास बरा म्हणून स्वतःसाठीं निवडून घेतला. ज्यांच्या गाड्यांच्या मागील बाजू खालीं बसल्या असतील, त्यांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर एकदां सुतळी किंवा मोजपट्टी घेऊन गाडीजवळ जावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.

— एक निवृत्त महसूल कारकून, मेडशी